नरक्या : सह्याद्रीच्या सावलीतले झुडूप



फूल म्हटले की तुमच्या मनात काय येते? मोगरा, जाई, बकुळ, सोनचाफा! म्हणजे रंग आणि सुगंध. पण आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलात एक झुडूप असे आहे की, ते फुलले म्हणजे जवळून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो. भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, फांद्यांच्या टोकांना त्याच्या फिकट पिवळसर बारीक फुलांचे गुच्छ येतात. दिसायला फुले साधी, वास मात्र विसरता येणार नाही असा! म्हणूनच लोकांनी त्याला नाव ठेवले 'नरक्या'. कुठे त्याला 'घाणेरा' असेही म्हणतात.

असल्या झुडपावर लेख कशाला, असे तुम्ही विचाराल. तर ऐका. या घाणेरड्या वासाच्या झुडपाच्या सालीत आणि लाकडात एक असे द्रव्य आहे की, त्याच्यापासून कर्करोगावरची औषधे तयार करता येतात. ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना कळली, ती व्यापाऱ्यांनाही कळली आणि मग या बिचाऱ्या झुडपावर कुऱ्हाड पडली. शेकडो वर्षे ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, ते उपयोगी ठरल्याबरोबर दुर्मिळ होऊ लागले. असे का झाले आणि त्यावर उपाय काय, हे समजून घ्यायचे तर आपल्याला जंगलातही जावे लागेल आणि प्रयोगशाळेतही डोकावावे लागेल.

ओळख करून घेऊ या

नरक्या हे मोठे झुडूप म्हणा किंवा लहान झाड म्हणा. साधारणपणे तीन ते आठ मीटर उंच वाढते. त्याची साल करडी, सुरकुतलेली आणि बुचासारखी असते. कोवळ्या फांद्या किंचित कोनदार असतात. पाने मोठी, लांबट अंडाकृती असून ती फांद्यांच्या टोकांकडे दाटीने येतात. जुने पान गळून पडले की देठाच्या जागी ठळक वण राहतो. फांदीवर असे वण एकाखाली एक दिसतात. फळ लांबट असते, पिकले की जांभळट काळे होते आणि त्यात एकच बी असते. आंबा किंवा बोर यांच्या फळाप्रमाणे बाहेर गर आणि आत कठीण कवचाची बी, अशी त्याची रचना असते. अशा फळाला वनस्पतिशास्त्रात आठळीफळ म्हणतात.

एक खबरदारी मात्र घ्या. गावाबाहेरच्या माळावर रंगीबेरंगी फुलांची 'घाणेरी' किंवा 'टणटणी' तुम्ही पाहिली असेल. ती वेगळी! ती अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे आणि जिथे जाईल तिथे रान माजवते. आपला घाणेरा म्हणजे नरक्या हा इथलाच, सह्याद्रीचा जुना रहिवासी. तो माळावर भेटणार नाही. नावे जुळली म्हणून वनस्पती एक होत नाहीत. शास्त्रज्ञ प्रत्येक वनस्पतीला एक शास्त्रीय नाव देतात ते यासाठीच.

नावामागची गोष्ट

नरक्याचे शास्त्रीय नाव आहे 'नॉथॅपोडायटिस निम्मोनियाना'. उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण त्यामागची हकिकत मजेची आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत जॉन ग्रॅहम नावाचे एक ब्रिटिश अधिकारी होते. नोकरी टपाल खात्यात, पण नाद वनस्पतींचा! मुंबई आणि तिच्या आसपास वाढणाऱ्या वनस्पतींची त्यांनी एक मोठी यादी तयार केली. पुस्तक छापून पूर्ण होण्यापूर्वीच, १८३९ साली, खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी राहिलेले काम पुरे केले. याच पुस्तकात ग्रॅहमनी आपल्या या झुडपाला निम्मोंचे नाव दिलेले होते. मात्र ग्रॅहमनी ते दुसऱ्याच प्रजातीत घातले होते.

पुढे दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच झुडपाला वासावरून 'फीटिडा' असे विशेषण लावले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'दुर्गंधी'. बरीच वर्षे पुस्तकांतून 'मॅपिया फीटिडा' हेच नाव चालू होते. परंतु वनस्पतींच्या नामकरणाचा एक नियम आहे. एकाच वनस्पतीला दोन नावे मिळाली असतील, तर रीतसर आधी दिलेले विशेषण टिकते. त्यामुळे 'दुर्गंधी' मागे पडले आणि निम्मो पुन्हा पुढे आले. जुन्या पुस्तकात मॅपिया फीटिडा आणि नव्या पुस्तकात निम्मोनियाना असे दिसले, तर गोंधळू नका. झुडूप एकच!

सावलीतले घर

आता नरक्याच्या घरी जाऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर, आंबा, राधानगरी, आंबोली या भागांत जी सदाहरित आणि निमसदाहरित जंगले आहेत, ती त्याची आवडती जागा. दक्षिणेकडे कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटांतही तो आहे. श्रीलंका आणि ईशान्य भारत इथेही त्याची नोंद आहे.

या जंगलात पाऊस किती पडतो? महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक! पुण्याला साधारण सातशे मिलिमीटर पडतो. तुलना तुम्हीच करा. एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. उघड्या उतारावर हे पाणी मातीसकट धावत सुटते. दाट जंगलात मात्र तसे होत नाही. पावसाचा मारा आधी पानांवर पडतो, पानांवरून फांद्यांवर, फांद्यांवरून खोडावर आणि शेवटी पालापाचोळ्यावर. पाचोळा स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. म्हणून माळावरचे गवत वाळून पिवळे पडते, तेव्हाही जंगलातल्या मातीत ओल टिकून असते.

हे जंगल म्हणजे जणू मजल्यांची इमारत असते. वरच्या मजल्यावर जांभूळ, पिसा, हिरडा यांसारख्या वृक्षांचे छत. त्याखाली अंजनीसारखी लहान झाडे. त्याच्याखाली कारवी आणि इतर झुडपे. तळमजल्यावर नेचे, शेवाळ, अळिंबी आणि कोवळी रोपे. छताला मिळणाऱ्या सूर्यप्रकाशाचा फार थोडा अंश जमिनीपर्यंत पोहोचतो. एखादे मोठे झाड वादळात उन्मळून पडले की छताला भोक पडते, तिथून ऊन खाली उतरते आणि आजवर खुरटून बसलेली रोपे भराभर वर झेपावतात.

नरक्या मधल्या मजल्यावरचा रहिवासी. त्याला डोक्यावर छत हवे, पायाखाली ओल आणि पाचोळा हवा, आणि झाडीच्या कडेने किंवा छताच्या फटींतून येणारा थोडा उजेड हवा. वरचे वृक्ष सरसकट तोडले तर ऊन आणि वारा एकदम आत घुसतात, पाचोळा वाळतो, माती तापते. अशा जागी मग टणटणी आणि रानमोडी यांसारखे आगंतुक पसरतात. नरक्याला कोणी हात न लावताही त्याचे घर असे मोडते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

विष कशासाठी?

जंगलात झुडपाला शत्रू थोडे नसतात. पाने खाणाऱ्या अळ्या, साल पोखरणारे भुंगेरे, बुरशी, चरणारी जनावरे. प्राण्याला पळता येते, झाडाला येत नाही. मग झाड काय करते? कोणी काटे वाढवते, कोणी चीक गाळते, तर कोणी अंगात कडू किंवा विषारी द्रव्ये साठवते. अशा द्रव्यांचा एक मोठा गट म्हणजे अल्कलॉइडे. तंबाखूतले निकोटिन, सिंकोनातले क्विनीन, कॉफीतले कॅफीन ही सारी अल्कलॉइडेच. नरक्यातल्या अल्कलॉइडाचे नाव आहे 'कॅम्प्टोथेसिन'. ते त्याच्या मुळांत, खोडात आणि सालीत जास्त, तर पानांत कमी प्रमाणात असते.

हे नाव कुठून आले? त्यासाठी आपल्याला सह्याद्री सोडून थोडे दूर, आधी चीनमध्ये आणि मग अमेरिकेत जावे लागेल.

चिनी झाड आणि नंदुरबारचा शास्त्रज्ञ

चीनमध्ये 'शी शू' म्हणजे 'आनंदवृक्ष' नावाचे एक झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत हजारो वनस्पतींचे अर्क तपासण्याची मोहीम चालू होती. कर्करोगाला अटकाव करणारे एखादे द्रव्य त्यांत सापडते का, हे पाहायचे होते. त्या वेळी या चिनी झाडाचा अर्क गुणकारी दिसला. अर्कात असंख्य द्रव्ये असतात. त्यांतले नेमके कोणते काम करते, हे शोधणे म्हणजे गंजीतून सुई काढण्यासारखे होते.

हे काम नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी केले. यांपैकी मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे! १९२५ साली त्यांचा जन्म तिथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. १९६६ साली या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रव्याचा रेणू कसा आहे हे जाहीर केले. झाडाच्या नावावरून त्या द्रव्याचे नाव पडले कॅम्प्टोथेसिन. याच दोघांनी पुढे १९७१ साली 'टॅक्सॉल' या दुसऱ्या प्रसिद्ध कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही प्रसिद्ध केली. वाणी २०२० साली निवर्तले.

आता गंमत पाहा. १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात सापडले. चिनी झाड आणि नरक्या हे काही जवळचे नातलग नाहीत. त्यांची कुळे निराळी आहेत. तरीही दोघांच्या अंगी एकच विष! शिवाय नरक्यात त्याचे प्रमाण त्या चिनी झाडापेक्षा बरेच जास्त निघाले. ढोबळ मानाने सांगायचे तर, नरक्याच्या वाळलेल्या लाकडात हजार भागांना एक भाग. जगाच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. नरक्याच्या दृष्टीने संकटाची ती नांदी ठरली.

सुतळीचा पीळ आणि औषधाची करामत

कॅम्प्टोथेसिन पेशीत जाऊन नेमके काय करते? एक सोपा प्रयोग करा. दोन पदरी घट्ट पिळाची हातभर सुतळी घ्या. तिचे दोन्ही टोकांना गाठी मारून टेबलाला पक्के बांधा. आता मधोमध दोन पदर बोटांनी अलग करा आणि ती फट वाढवत न्या. काय होते? दोन्ही बाजूंना पीळ जास्त घट्ट होत जातो आणि शेवटी पदर अलग होईनासे होतात.

आपल्या पेशीतला डीएनए हाही असाच दोन पदरी, पिळलेला धागा आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी या धाग्याची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी त्याचे पदर अलग करावे लागतात. मग पीळ साचून काम अडत कसे नाही? निसर्गाने त्यासाठी एक कारागीर ठेवला आहे. टोपोआयसोमरेज-एक असे त्या विकराचे, म्हणजे एन्झाइमाचे नाव. तो दोनांपैकी एक पदर कापतो, धागा गिरकी घेऊन सैल झाला की तोच पदर पुन्हा सांधतो आणि पुढे सरकतो.

कॅम्प्टोथेसिन नेमके या क्षणी आड येते. कारागिराने पदर कापला की ते त्या जागी पाचरीसारखे घुसून बसते. त्यामुळे सांधणे राहूनच जाते. नक्कल करणारी यंत्रणा धडधडत येऊन त्या कापलेल्या जागेवर आदळते, धागा तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यामुळे त्यांच्यावर हा घाव अधिक बसतो. पण केसांच्या मुळांतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही भराभर दुभंगतात. त्यांनाही इजा होते. कर्करोगाच्या औषधांनी केस गळतात, जुलाब होतात, रक्तपेशी कमी होतात, त्याचे कारण हेच.

मग तुमच्या मनात प्रश्न येईल की, हे विष तयार करणाऱ्या झाडाच्या पेशी कशा जगतात? त्यांच्यातही डीएनए आहे, त्यांच्यातही हाच कारागीर आहे. २००८ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी चिनी आनंदवृक्षाबाबत याचे उत्तर दिले. त्या झाडाच्या टोपोआयसोमरेजाच्या रचनेत एक बारीकसा बदल आहे. त्यामुळे पाचर तिथे बसतच नाही. शस्त्र तयार करणाऱ्याने चिलखतही तयार ठेवले आहे!

औषधाचा लांबचा प्रवास

कॅम्प्टोथेसिन सापडले म्हणजे औषध सापडले, असे मात्र नव्हे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून १९७०च्या सुमारास त्याचा विरघळणारा क्षार करून रुग्णांवर चाचण्या झाल्या. पण क्षार करताना रेणूतले एक कडे उघडले जाते आणि त्याचा गुण बराच कमी होतो. उलट मूत्राशयाला आणि अस्थिमज्जेला त्रास मात्र फार झाला. अखेर चाचण्या थांबल्या. द्रव्य जवळजवळ अडगळीत पडले.

१९८५ साली त्याची पाचरीची करामत उलगडली आणि शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागले. मूळ रेणूत रासायनिक फेरफार करून त्यांनी पाण्यात विरघळणारी आणि त्यामानाने सुसह्य अशी औषधे तयार केली. त्यांपैकी टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले स्त्रीबीजकोशाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. ती आज भारतातही दिली जातात.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. नरक्याची साल उकळून काढा प्यायल्याने कर्करोग बरा होत नाही. ते विष आहे! औषध होण्यासाठी रेणू शुद्ध करावा लागतो, त्यात फेरफार करावा लागतो, मात्रा मोजावी लागते आणि डॉक्टरांची देखरेख लागते. कोणी झाडपाल्याची पूड देऊन खात्री देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका आणि घरातल्या मोठ्यांनाही हे समजावून सांगा.

कुऱ्हाड कशी पडली?

औषधांना मान्यता मिळाली, मागणी वाढली. नवी औषधे तयार करायची तरी त्यासाठी आधी कॅम्प्टोथेसिन लागते आणि ते आणायचे झाडातूनच. नरक्या त्यासाठी सोयीचा होता. मग कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग यांसारख्या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यांतून नरक्याची लाकडे चोरून तोडली जाऊ लागली. त्यांचे तुकडे पोत्यांत भरून ट्रकांनी बाहेर जाऊ लागले. वनखात्याने अनेकदा असा माल पकडला.

आता एक छोटे गणित करू. हजार किलो वाळलेल्या लाकडात साधारण एक किलो कॅम्प्टोथेसिन असते. समजा, एका नरक्यापासून वीस किलो वाळलेले लाकूड मिळते. म्हणजे एक किलो द्रव्यासाठी पन्नास झाडे! तीही सगळे द्रव्य वाया न जाता निघाले तर. प्रत्यक्षात तसे कधीच होत नाही.

झाड वरून तोडले तर बुंध्याला पुन्हा फुटवे येऊ शकतात. परंतु मुळांतही द्रव्य भरपूर असल्यामुळे तोडणारे मुळासकट उपटून नेतात. मग फुटायला उरतेच काय? शिवाय नरक्याची सगळी झाडे फुलांच्या बाबतीत सारखी नसतात. काहींवर नरफुले, काहींवर मादीफुले, तर काहींवर दोन्ही भाग असलेली फुले असतात. म्हणजे फळ धरण्यासाठी कीटकांनी एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत नेले पाहिजेत. आपल्या नाकाला नकोसा वाटणारा वास हे त्या कीटकांसाठी आमंत्रण असते. झाडे एकमेकांपासून फार लांब पडली तर हे दळणवळण तुटते. फुले येतात, पण फळे धरत नाहीत. जंगलात काही म्हातारी झाडे उभी दिसतात, रोपे मात्र दिसत नाहीत. वरवर पाहणाऱ्याला वाटते की झाड अजून आहे, पण खरे तर त्याचा वंश थांबलेला असतो.

उपाय कोणते?

औषध तर हवेच. कर्करोगाने पीडलेल्या माणसाला आपण जंगलाची अडचण सांगणार का? मग दोन्ही साधायचे कसे? शास्त्रज्ञांनी यासाठी निरनिराळे मार्ग शोधले आहेत.

पहिला मार्ग लागवडीचा. बियांपासून आणि ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करता येतात. रानातले झाड उपटण्याऐवजी शेतात लावलेले झाड कापायचे. संशोधनात असेही दिसले आहे की, वेगवेगळ्या ठिकाणच्या नरक्यांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण बरेच वेगवेगळे असते. जास्त द्रव्य देणाऱ्या झाडांचे वाण निवडले तर थोड्या झाडांत काम भागेल.

दुसरा मार्ग पानांचा. पानांत द्रव्य कमी असते, पण पाने पुन्हा येतात. माफक प्रमाणात पाने खुडली तर झाड जिवंत राहते.

तिसरा मार्ग सर्वांत नवलाचा. २००५ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी केली. झाडाला काही इजा न करता ती त्याच्या अंगात राहते. तिला प्रयोगशाळेत वाढवली, तर तीही कॅम्प्टोथेसिन तयार करताना आढळली! झाडाऐवजी चंबूत बुरशी वाढवून औषध मिळवण्याची आशा त्यामुळे निर्माण झाली. पण अशा बुरशींची एक अडचण पुढे दिसून आली. झाडापासून दूर, पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेत वाढवत नेल्या की त्यांचे द्रव्य तयार करण्याचे प्रमाण घटते.

यातून काय शिकायचे? वाण निवडायचे तर वेगवेगळ्या जंगलांतले वेगवेगळे नरक्या शाबूत पाहिजेत. बुरशी शोधायची तर तिचे झाड जागेवर उभे पाहिजे. आणि झाड उभे राहायचे तर त्याच्या डोक्यावरचे छत, पायाखालचा पाचोळा, पराग नेणारे कीटक, हे सगळे पाहिजे. रोपवाटिकेत नरक्या वाढवता येईल, पण रोपवाटिकेत सह्याद्री वाढवता येणार नाही.

सुदैवाने त्याच्या घराचा काही भाग आज संरक्षित आहे. राधानगरी, कोयना आणि चांदोली इथे अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे आहेत. त्यांच्या जोडीला गावोगावच्या देवराया आहेत. देवाच्या नावाने पूर्वजांनी राखलेल्या या रानांत अशी कितीतरी झाडे टिकून राहिली.

तुम्ही काय करू शकाल?

एक उपक्रम सुचवतो. तुमच्या गावाजवळ देवराई, डोंगरउतारावरचे रान किंवा जुनी झाडी असेल तर शिक्षकांबरोबर किंवा घरच्या मोठ्यांबरोबर तिथे जा. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौरस सुतळीने आखा. त्यातली एकाच जातीची कोणतीही तीन-चार ओळखीची झाडे निवडा आणि प्रत्येक जातीचे तीन आकडे वहीत लिहा : गुडघ्याखालची रोपे किती, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची किती आणि त्याहून मोठी झाडे किती. पाने, फुले, फांद्या तोडायच्या नाहीत. फक्त मोजायचे.

शाळेत परत आल्यावर आकड्यांकडे नीट पाहा. मोठी झाडे थोडी आणि रोपे भरपूर असतील, तर त्या जातीचा वंश पुढे चालू आहे. मोठी झाडे आहेत पण रोपेच नाहीत, असे आढळले तर कारण शोधा. गुरे चरतात का? वणवा लागतो का? पाचोळा कोणी झाडून नेतो का? छत विरळ झाले आहे का? दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी हे मोजमाप केले, तर चार-पाच वर्षांत तुमच्या शाळेजवळ एक मोलाची नोंदवही तयार होईल. शास्त्रज्ञही जंगलाची नाडी याच रीतीने पाहतात.

मोजणी करताना तुम्हांला अनेक अशी झुडपे भेटतील की, ज्यांचे नाव गावात कोणाला ठाऊक नसेल आणि 'ते काही कामाचे नाही' असे सगळे सांगतील. त्यांचीही नोंद करा. १९७२ सालापर्यंत नरक्याही काही कामाचा नव्हता.